मंगळवार आजींचा

३ फेब्रुवारी, सोमवार

सायकलवाल्याच्या बायकोला डॉक्टरांनी पलंगावरून उतरायलासुद्धा बंदी केली! दोनदा पोटातलं गेलं, हे तिसरं. आठवा संपत आलाय. "एवढा महिना निभावला की जिंकलो," मिशनच्या दवाखान्यातली सुईण म्हणाली. ती एरवी इतक्या हळू बोलत नाही.

पोर समोरच राहते, बेकरीच्या वर. दूध द्यायला गेले तर तिने माझा हात धरून पोटावर ठेवला. आतून लाथ! उभ्या उभ्याच प्रार्थना केली. परदेशात सेवेला निघाले तेव्हा धास्ती होती — मॅट्रिक झालेली बाई मी, घर सांभाळण्यापलीकडे येतं काय मला? देवबापाने नेमकं तेच काम समोर आणून ठेवलं. उद्या पहाटेच जाते.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आठाच्या आत तिचा केर, फरशी, धुणं, सगळं उरकलं. साबणाच्या उरल्यासुरल्या चिपा एकमेकींना चिकटवल्या, त्यातच भागवलं. दोन्ही वेळचं रांधून झाकून ठेवलं.

मग कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्या आजी पातेलं घेऊन जिना चढून आल्या. केवढी धाप! ओट्याकडे पाहिलं, दोरीवरच्या कपड्यांकडे पाहिलं. "झालं वाटतं सगळं," म्हणाल्या, आणि पातेल्यासकट परत फिरल्या. बरं झालं, म्हाताऱ्या जिवाचे कष्ट वाचले.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज माझ्याआधी बेकरीवाली हजर. "आज बुधवार. माझा," म्हणाली. दार लावलं नाही, पण वाटेतून हललीही नाही. काय बिघडलं कळेना.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सुईणीने चांगलंच झाडलं! इथे कुणी अंथरुणाला खिळलं की सात घरं सात वार वाटून घेतात. ज्याचा वार, त्या दिवशी त्या घराचं सगळं त्याच्याकडे — चहापासून दिवाबत्तीपर्यंत. ठरवायला कुणी बसत नाही. सांगावंही लागत नाही.

"मंगळवार आजींचा. प्रभूच्या नावाने आलात बाई, नि म्हातारीचा वार पळवलात!"

"मला काय माहीत हो?"

"विचारायला तोंड नव्हतं?"

होतं. कामाच्या झपाट्यात उघडलंच नाही. आमच्याकडे 'काही लागलं तर सांगा हं' म्हणून आपण आपलं दार लावून घेतो. इथे सांगायची वेळच येऊ देत नाहीत. 

९ फेब्रुवारी, रविवार

आजी उपासनेला आल्या नाहीत. उपासना सुटल्यावर मीच गेले. एकच खोली. खाट, स्टूल, स्टोव्ह. खिडकीत धुतलेली काचेची बरणी उपडी.

क्षमा मागायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "आधी बस. खा." पातळ रस्सा, पाव. मी नको नको करत होते. "बघ! देता येतं तुला, घेता येत नाही," म्हणाल्या. गुमान खाल्लं.

मग चष्मा पुसत म्हणाल्या, "आता मला कोणी काही काम सांगत नाही गं पोरी. बस म्हणतात, जिवाला जप म्हणतात. तेवढा एक मंगळवार होता. सोमवारी भाजी निवडताना वाटतं, आपणही कुणाचं तरी लागतो."

मला रडू आवरेना. म्हटलं, मलाही एखादा वार द्या.

"आठवड्याला आठवा दिवस कुठून आणू? पाहुणी आहेस, सुखाने राहा." हसल्या. पण जिना उतरताना वरून हाक आली — "ए! मंगळवारी पातेलं धरशील का? जिना फार होतो."

११ फेब्रुवारी, मंगळवार

पातेलं धरलं. बाकी कशालाही हात लावला नाही. फार अवघड गेलं! आजी तासभर एकच चादर धूत होत्या, मी हात बांधून उभी. पण त्या पोरीचा चेहरा! आजी तिची वेणी घालताना सुईणीची नक्कल करत होत्या. हसू नको गं, पोट हलेल, म्हणे!

आणखी एक. बेकरीचं शटर रोज खणाणत वर जायचं. आता दोघं दोन बाजूंनी धरून इंचाइंचाने उचलतात, वर पोर झोपलेली असते म्हणून. पोराटोरांनी चेंडू दुसऱ्या गल्लीत नेलाय. एका न जन्मलेल्या जिवासाठी सगळी गल्ली पावलं जपून टाकते! देवळात गुडघे टेकून मला जे कधी कळलं नाही, ते शटरपाशी उभं राहून कळलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

ह्यांचा फोन. "घरचा माणूस खानावळीत जेवतोय नि बाईसाहेब तिकडे लोकांची पातेली वाहतायत! एक तारखेचं तिकीट आहे, विसरू नकोस. ते बदलून मिळत नाही." विसरेन कशी? मीच घासाघीस करून घ्यायला लावलं होतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

बाळ सकाळपासून हललेलं नाही.

२४, संध्याकाळ

हललं! सुईणीने खिडकीतून हात वर केला. खाली सगळी गल्ली उभी होती. कुणी ओरडलं नाही.  परमेश्वरा!

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मुलगी! रडली, खणखणीत रडली! पण आईचं रक्त थांबेना. मोठ्या इस्पितळात नेलंय, सायकलवाला बरोबर गेलाय. जीव वाचला. पण निदान पंधरवडा तिथेच. तिथे निरोगी बाळ ठेवून घेत नाहीत.

गल्लीत दोन वाक्यांत ठरलं — वार तेच. फक्त आता घराऐवजी बाळ.

आजींनी दोन्ही हात पुढे धरून दाखवले. थरथरत होते. "चादर धुतली ह्या हातांनी. बाळ नाही पेलायचं. मंगळवार तुझा."

"आजी, शनिवारी माझं विमान आहे."

"माहीत आहे. म्हणून तर विचारत नाही, सांगतेय."

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

बॅग भरली. प्रार्थनेला शब्द सुचेनात.

४ मार्च, मंगळवार

बाळ माझ्या खांद्यावर झोपलंय. आजी शेजारी बसून मला शिकवतायत — मान धर, नीट धर! विमान शनिवारी गेलं. ह्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "वजन किती आहे पोरीचं?" एकच हात मोकळा आहे, म्हणून एवढंच.