काचेच्या बशीतली ताई

ताई,

तू मला पाचोळेवाला म्हणायचीस. "तुझ्या पाचोळ्यानं कधी कुणाची साधी सर्दी तरी गेली का रे?" असं सगळ्यांदेखत विचारायचीस.

आता ऐक. ज्या लॅबला मी साली-मुळ्या पुरवतो, तिथल्या बाईंनी काल मला मायक्रोस्कोपपाशी बसवलं. ऑपरेशनच्या वेळी तू तुझी गाठ संशोधनासाठी सही करून दिली होतीस. तिच्यातल्या पेशी त्या अजून वाढवताहेत. तू जाऊन इतके दिवस झाले, आणि त्या काचेच्या बशीत दाटीवाटीने जिवंत आहेत. शेजारच्या बशीत माझ्या एका सालीचा अर्क घातला होता. तिथे एकही पेशी जिवंत नव्हती.

"शेकडो अर्क तपासले, हा पहिलाच लागू पडला," बाई म्हणाल्या. "आणखी एक पोतं मिळेल?"

गोदामात पोतं पडलंय. तरी माझ्या तोंडून "बघतो" निघालं. गिऱ्हाइकाला मी असं कधी म्हणत नाही. बाईंचे कान तिखट, माझं अडखळणं त्यांनी ओळखलं. "त्या तुमच्या ताई नाहीत हो," त्या हळूच म्हणाल्या. "ताईंना ज्यानं खाल्लं, ते हे आहे."

कळतं गं. पण तुझं म्हणून वाढणारं जगात तेवढंच उरलंय. पेशी उबेला ठेवायच्या त्या कपाटाची घरघर घरी आलो तरी कानात आहे, तुझ्या शेवटच्या दिवसांतल्या श्वासासारखी.

पोतं टेम्पोत चढवलंय. सकाळी मीच नेऊन देतो. सगळ्यांदेखत ते सर्दीचं विचारायला आता तू हवी होतीस.

तुझा,
पाचोळेवाला