रोट संपेपर्यंत गोळी नाही

तळोदे, श्रावण १९६३. बुधवार, दिवेलागण.

या पांढऱ्या गोळीची खरी किंमत आज मांडली. दोन वर्षं तिनं दमा दाबून ठेवला. बदल्यात तोंड भोपळ्यासारखं फुगवलं, झोप नेली, मांड्यांतलं बळ नेलं. आणि आता हे काळीज. दोन ठोके देतं, एक गिळतं. डिझेलमध्ये पाणी आलं की इंजिन असंच करतं. इंजिनं ऐकून बिघाड ओळखतच मी धंद्यात वर आलो, पण हा आवाज छातीत ऐकावा लागेल असं वाटलं नव्हतं.

चूक माझीच. आमच्या घरात कानबाईदेवीच्या नैवेद्याचे रोट, त्या जाड पोळ्या, संपेपर्यंत दुसरं काही तोंडात घालत नाहीत. म्हणून रविवारपासून गोळीही बंद. वर सोमवारी भाऊबंदांत फुशारकी मारली, "कानबाईनं दमाच नेला, आता गोळी कोणाला हवी?"

थोरले काका हसले. "मंग तुन्हं थोबाडबी उतरी जाई."

गोळी एकाएकी सोडू नका, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. ऐकलं होतं ना मी? मग?

आज दुपारपासून उभं राहिलं की अंधारी येते. दोन ठोके, एक गिळलेला. हिनं मनगट धरलं, रोटांच्या टोपलीकडे पाहिलं आणि म्हणाली, "कानबाई माय शे, डाक्टर नही. गोळी ल्या पहिले."

घेतली. जीपवाला पहाटे दवाखान्यात नेतो म्हणालाय. तोवर निभेल ना?

गोळी घेऊन तास झाला. ठोका अजून चुकतोय, आणि दमाही परत आलाय.