गार लागलेलं कपाळ

मंगळवार, संध्याकाळ. लक्ष्मीबाई नगर

बाबांना डेंग्यूच निघाला. तीन दिवस ताप अंगावर काढला त्यांनी. मी लॅबमधून यायच्या सुमारास ते गुपचूप तापाची गोळी घ्यायचे, म्हणजे माझ्या हाताला कपाळ गार लागावं! "तुझं प्रेझेंटेशन होतं ना गं," म्हणे. आज उशाशी रिकामी स्ट्रिप सापडली.

आणि प्रेझेंटेशन कशावर? तर हाच विषाणू पेशीत शिरला की आधी तिची धोक्याची घंटा बंद पाडतो, शेजारच्या पेशींना पत्ताच लागू देत नाही, यावर. काय तावातावाने बोलले मी!

डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. कसलं वेळेत? अशीच एक रिकामी स्ट्रिप रविवारी डायनिंग टेबलावर होती. पसारा आवरताना मीच ती कचऱ्यात टाकली, बाबांना काही न विचारता.