चिपाडाच्या ढिगाआड

प्रिय अनेकांत,

तू आणि मी वडगावच्या शाळेत स्टुलावर उभं राहून बोलायला शिकलो, आणि आपली एक तक्रार तेव्हापासून सारखीच आहे: आपल्याकडे टाळी आवाजाला पडते, खरेपणाला पडत नाही. तू हे शांतपणे म्हणायचास. मी टेबलावर मूठ आपटून म्हणायचो, आणि टाळी मलाच मिळायची.

तुझं पाकीट सोमवारी आलं. चाळिशीत वक्तृत्वाचा वर्ग काढतोयस, वीस मुलांनी नावं दिली आहेत, वाचून बरं वाटलं. पण माहितीपत्रकाच्या मसुद्यात दोन जागा कोऱ्या सोडून तू पेन्सिलीनं लिहिलंयस, 'विशूनं भरायच्या'. एक 'मागे वळून पाहताना', दुसरी 'पुढची पाच वर्षं'. शिवाय उद्घाटनाचं भाषणही मीच करायचं. मी तो कागद उलटसुलट करून चारदा पाहिला. बायको म्हणाली, "कागद हाय तो, विंचू न्हाय." खरं सांगू? मला विंचूच वाटला. जिल्ह्यात वक्त्यांची काय कमी आहे? मग मीच का? आणि 'मागे वळून पाहताना' हे शब्द नेमके माझ्याच पुढ्यात का ठेवलेस?

मागे वळून पाहिलं की मला एकच जागा दिसते, तुझ्या वडिलांचं, अण्णासोंचं गुऱ्हाळ. बारावीचं वर्ष, जानेवारी, आणि जिल्हा स्पर्धेला चार दिवस उरलेले. मी रस उकळणाऱ्या काहिलीजवळ उभा राहून घसा फाडत होतो. हंबीरराव गुळव्या पाकावरची मळी काढता काढता म्हणाला होता, "पावणं, जरा दमानं. तुमच्या आवाजानं पाक उतू जाईल की!" तू पोत्यावर बसून माझ्या भाषणाची सुवाच्य प्रत करत होतास, कारण माझं अक्षर मलाच लागत नव्हतं. ती एकच प्रत होती. स्पर्धेपर्यंत ती तुझ्याच दप्तरात राहिली.

स्पर्धेत बोलायला माझा क्रमांक नववा, ऋतुराजचा सहावा. तो हातकणंगल्याचा, तोपर्यंत कधी बक्षिसात न आलेला. त्यानं तोंड उघडलं आणि माझी सुरुवात बोलला. आटलेल्या विहिरीचा दाखलासुद्धा माझाच. मी मागे वळून तुझ्याकडे पाहिलं, तर तू मान खाली घातलेली. तेवढं मला पुरलं. संध्याकाळी एसटीत, मी काही विचारायच्या आधीच तू म्हणालास, "मी न्हाय दिलं रं त्याला." न विचारता माणूस असं का सांगेल? इतिहास वाचणारा माणूस मी, फितुरीची प्रकरणं पाठ असलेला. मला पुरावा शोधायची गरजच वाटली नाही.

त्यानंतर दरवर्षी पर्युषण संपलं, क्षमावणीचा दिवस आला, की तुझा निरोप यायचा. आधी पोस्टकार्ड, आता मोबाइलवर. 'जाणता-अजाणता मन दुखावलं असेल तर क्षमा असावी.' दरवर्षी मी तो वाचायचो आणि मनात म्हणायचो, जाणता की अजाणता, ते सांग ना एकदा! तुमच्यात तो निरोप सगळ्यांनाच जातो, दूधवाल्यापासून व्याह्यापर्यंत, हे मला माहीत होतं. तरी मी त्यात कबुली शोधायचो. उलट कधी लिहिलं नाही. माझ्या भाषणांत मी गद्दारीवर तुटून पडायचो, लोक शिट्ट्या मारायचे, आणि दर वेळी डोळ्यांसमोर तुझी ती खाली गेलेली मान असायची.

गेल्या महिन्यात आपल्या वडगावातच एका लग्नात पंगतीला शेजारी ऋतुराज बसला. पोट सुटलंय, स्वभावानं मोकळा झालाय. पत्रावळीवर भात येताच म्हणाला, "सर, तुमचं एक बक्षीस माझ्या कपाटात हाय बघा." त्या जानेवारीत तो मावशीसाठी काकवी न्यायला तुमच्या गुऱ्हाळावर आला होता. माझा आवाज ऐकला आणि चिपाडाच्या ढिगाआड बसला. तीन दिवस येऊन बसला. "लिहून घ्यायचीबी गरज लागली न्हाय. एवढ्या मोठ्यानं बोलला, पाठच झालं!" म्हणून तो खदाखदा हसला. मी पाणी मागितलं. माझं भाषण माझ्याच घशानं फोडलं होतं. तू मान खाली घातलीस ती माझ्यासाठी, माझी फजिती तुला बघवेना म्हणून. एवढी साधी गोष्ट कळायला मला एकवीस वर्षं लागली.

आता तुझ्या कोऱ्या जागांकडे येतो. 'पुढची पाच वर्षं'मध्ये लिही: मुलांना आवाज चढवायच्या आधी विचारायला शिकवायचं. समोरच्याला सरळ विचारायचं, 'तू दिलंस का?' बाकी सगळं त्यानंतर.

'मागे वळून पाहताना' मात्र मला छापण्यासाठी लिहिता येत नाही, म्हणून हे पत्र. चौदा वर्षांपूर्वी तू, मी शिकवतो त्या हायस्कुलात शिक्षकाच्या जागेसाठी आला होतास. मुलाखत उत्तम झाली होती. संस्थेच्या अध्यक्षांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमचा दोस्त कसा हाय?" मी म्हणालो, "हुशार हाय. पण त्याच्या हातात कागद देताना जपून." आयुष्यात मी इतक्या हळू आवाजात दुसरं काही बोललो नसेन. जागा गेली, आणि तू चौदा वर्षं कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत उभ्यानं पाळ्या केल्यास. तुला हे कळलंय का? कळलं असेल आणि हे आमंत्रण सापळा असेल, तर मी त्यात येतो. कळलं नसेल, तर आता कळलं. माझा संशय अजून संपलेला नाही, फक्त तो आता माझ्यावर आहे. उद्घाटनाला माईक हातात आला की मी मैत्रीवर एक झकास भाषण ठोकून टाळ्या घेईन आणि हे गिळून टाकीन, एवढं मी स्वतःला ओळखतो. म्हणून एकच कर. हे पत्र त्या दिवशी खिशात घालून ये. मी उभा राहिलो की त्या वीस मुलांसमोर ते माझ्या हातात दे आणि म्हण, "विशू, वाच. मोठ्यानं."

तुझाच,
विश्वजित