पपईच्या फोडी

अक्का,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहितेय.

धाकटी जाऊ म्हणून तुम्हीच मला आयव्हीएफ करणाऱ्या बायकांच्या त्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेतलंत. जिचा गरोदरपणाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येईल तिने गुपचूप बाहेर पडायचं, बाकीच्यांना त्रास नको, हा नियमही तुम्हीच सांगितलात. धुळ्याच्या दवाखान्यात आपल्या दोघींचं गर्भाचं ट्रान्सफर एकाच दिवशी झालं. तुमचा निगेटिव्ह रिपोर्ट ग्रुपवर आला आणि तासाभराने मीही निगेटिव्हच लिहिलं. खोटं लिहिलं. तुम्ही लगेच आपल्या अहिराणीत धीर दिलात, "रडू नको व, मी शे ना."

तीन आठवडे झाले. ग्रुपमधल्या बायका अजून माझी समजूत घालतात. मला धड बसवत नाही की झोप लागत नाही.

परवा तुम्ही मला धीर द्यायला शिरपूरहून पारोळ्याला आलात. सासूबाईंनी पपई कापून पुढे ठेवली. पोटुशीने पपई खाऊ नये हे मला ठाऊक होतं, पण नको म्हटलं तर तुम्हाला कळेल म्हणून मी हात पुढे केला. तेवढ्यात तुम्ही बोलता बोलता बशी स्वतःकडे ओढलीत आणि सगळ्या फोडी एकटीने संपवल्यात.

अक्का, तुम्हाला तर पपईचा वासही सहन होत नाही.

अजून ग्रुपमध्येच असलेली,
नूतन