तिसरं बटण

रविवार, ९ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

नमस्कार. आणि नर्सबाई, तुम्हालाही नमस्कार, कारण मावशीच्या चष्म्याच्या नव्या काचा येईपर्यंत हे पत्र तुम्हीच वाचून दाखवणार आहात. ती मध्येच "पुढे वाचा, पुढे" करील. तिकडे लक्ष देऊ नका.

फोनवर बोलता आलं असतं. पण तुमच्या वॉर्डात फोन लावला की शेजारच्या खाटेवरच्या आजीच जास्त बोलतात. परवा त्यांनी मला त्यांच्या जावयाचे सगळे प्रताप ऐकवले आणि तुझ्या वाट्याला "जेवलीस का" एवढंच आलं. म्हणून पत्र. तुझी टकळी तासभर तोंड मिटून बसलीय, हे तुला खरं वाटणार नाही.

आधी दुकानाची खबर. दुकान चालू आहे. मी रजा काढून तुझ्या मागच्या खोलीत मुक्काम ठोकलाय. भट्टीवाले काका पहाटे येतात, माझ्याकडे बघून सुस्कारा सोडतात आणि कामाला लागतात. पहिल्या दिवशी मी मळलेलं पीठ त्यांनी बोटाने दाबून पाहिलं आणि म्हणाले, "याची वीट चांगली होईल." दुसऱ्या दिवशी काहीच बोलले नाहीत, म्हणजे प्रगती आहे. खिडकीतली तुझी झाडं जिवंत आहेत. एक सोडून. कुठलं ते आत्ताच विचारू नकोस.

डॉक्टरांशी बोलले. खुब्याचं हाड नीट जुळतंय म्हणाले, पण तू चालायच्या व्यायामाला टाळाटाळ करतेस. नर्सबाई, तिला खुशाल रागवा. आई गेल्यावर मावशी मला इथे घेऊन आली तेव्हापासून या घरात रागवायचं खातं तिच्याकडे आहे, त्यामुळे मला ते नीट जमत नाही.

नर्सबाई, मावशीने तुम्हाला माझ्या मॉडेलबद्दल सांगितलं असणारच. ती सगळ्यांना सांगते. मी अंदाज बांधणारी मॉडेलं बनवते. उद्या किती पाव खपतील, हे आज सांगायचं. मोठ्या बेकऱ्यांकडे वर्षानुवर्षांच्या विक्रीची नोंद असते, तिच्यावर मॉडेल छान शिकतं. लहान दुकानाकडे एवढी नोंद कुठून असणार? म्हणून मी तिथे शिकलेलंच मॉडेल घेतलं, त्याचं बरंचसं डोकं होतं तसं गोठवून ठेवलं आणि वरचा थोडा भाग मावशीच्या दुकानावर नव्याने शिकवला. एकाचं शिक्षण दुसऱ्याला लागू करायचं. मावशी गिऱ्हाइकांना सांगायची, "मोठ्या बेकऱ्यांचं शहाणपण माझ्याकडे दत्तक आलंय." मला याहून सोपं करून अजून सांगता आलेलं नाही.

हा प्रयोग ऑफिसात गाजला. आता ते शेकडो लहान दुकानांना द्यायचं ठरतंय. साहेबांनी तुझी चौकशी केलीय.

नर्सबाई, तुमचं काम इथे संपलं. पुढची पानं वेगळ्या पाकिटात घातली आहेत. काचा आल्यावर ती मावशीने स्वतः वाचायची आहेत. तुम्ही तिची काळजी घेताय, त्याबद्दल मनापासून आभार.

—

मावशी,

आता आपण दोघीच.

मी काउंटरवर टॅबलेट बसवून दिला तो दिवस आठवतो? दोन बटणं होती. 'विकले' आणि 'वाया'. तू चष्मा वर सरकवून दोन्ही वाचलीस आणि विचारलंस, "आणि दिलेले गं? ते कशात दाबू?"

मला ऑफिसला जायची घाई होती. मी म्हटलं, "वायात दाब."

तू चष्मा पुन्हा नाकावर ओढलास. मग म्हणालीस, "बरं. तू सांगतेस तर वायात."

मोठ्या बेकऱ्यांत दुकान बंद होताना उरलेला माल पोत्यांत भरतात आणि गाडी तो घेऊन जाते. तिथे उरलं म्हणजे वाया गेलं. मॉडेल तेच शिकून आलं होतं आणि तो त्याच्या गोठवलेल्या डोक्याचा भाग होता. उरलेल्या प्रत्येक पावाला मीच दंड लावून ठेवला होता, म्हणजे ते किती भाजायचे तो आकडा आपोआप खाली आणील. तुझ्या दुकानात दिवे मालवायच्या सुमारास उरलेले पाव न्यायला शिंपीकाका येतात, जिने झाडणाऱ्या बाई येतात, पेन्शनीत निघालेल्या मास्तरीणबाई पिशवी विसरून येतात आणि तुझीच घेऊन जातात. हे मी बारा वर्षांची असल्यापासून बघतेय. मी त्या रिकाम्या खोक्यावर बसून त्यांच्यासमोर पाढे म्हटलेत. पण टॅबलेट लावताना त्यांच्यातलं एकही माणूस माझ्या डोक्यात आलं नाही.

पहिले काही आठवडे तू मॉडेलने सांगितल्यापेक्षा चार-पाच पाव जास्त भाजायचीस. ते 'वाया'त पडायचे, मॉडेल दुसऱ्या दिवशी आकडा आणखी उतरवायचं, आणि मी फोन करून तुला दटावायचे. "मावशी, सांगितलंय तेवढंच भाज ना! माझे सगळे आलेख बिघडवतेस." तू हसायचीस. मग तू तेवढेच भाजायला लागलीस. मी केलेलं यंत्र खोटं पडू नये, म्हणून. हे तू कधी बोलली नाहीस, पण मला माहीत आहे.

एकदा फोनवर तू म्हणालीस, "हल्ली संध्याकाळी फार शांत असतं गं दुकान." मी म्हटलं, "बरं झालं, पाय पसरून बस जरा." त्यावर तू विषय बदललास. मीही बदलू दिला.

त्या संध्याकाळी सगळा माल संपला. तू शटर ओढलंस, रिकामे ट्रे उचललेस, पाय घसरला. दुसऱ्या दिवशी भट्टीवाल्या काकांची रजा होती; सकाळी पिठाची पोती घेऊन टेम्पोवाला आला तोवर तू गार फरशीवर पडून होतीस. आधीचे दिवस असते तर शटर अर्धंच खाली असतं आणि खोक्यावर कोणीतरी बसलेलं असतं. तुझी हाक ऐकायला कोणी उरलं नव्हतं, आणि ते मी केलं. दुकान पुन्हा उघडायच्या आधी इतके दिवस दवाखान्यात तुझ्या उशाशी बसून मी फळं कापत राहिले, गप्पा मारत राहिले, पण हे वाक्य माझ्याच्याने बोलवलं नाही.

अजून एक आहे. त्याच सकाळी मी ऑफिसात पडद्यावर तुझ्या दुकानाचा आलेख दाखवत होते. आदल्या दिवशीचा ठिपका नेमका शून्यावर होता. सांगितले तेवढे भाजले, भाजले तेवढे विकले, उरलं काही नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टेम्पोवाल्याचा फोन वाजत होता आणि अनोळखी नंबर म्हणून मी तो दोनदा कापला.

आणि तू शुद्धीवर आल्यावर काय म्हणालीस? "तुझं मशीन अगदी बरोबर होतं गं. त्या दिवशी एकसुद्धा उरला नाही." माझी समजूत काढत होतीस. मावशी, तेव्हा तू मला दोन शिव्या घातल्या असत्यास तर मला झोप लागली असती.

मंगळवारी मी शिंपीकाकांकडे गेले. मशीनवरून मान वर न करता ते म्हणाले, "दोनदा आलो, दोनदा पाव नव्हते. तिसऱ्यांदा यायला लाज वाटली. वाटलं, बाईंना तोंडावर नाही म्हणवत नाहीये, म्हणून कमी भाजतात. आपण समजून घ्यावं." जिने झाडणाऱ्या बाईंनाही तसंच वाटलं होतं. मी शिंपीकाकांना टॅबलेट, मॉडेल, बटणं, सगळं सांगायचा प्रयत्न केला. ते ऐकून घेतलं त्यांनी. मग सुईत दोरा ओवत म्हणाले, "मग आम्ही वायात होतो तर." रागाने नाही बोलले. मी म्हटलं, संध्याकाळी या. ते म्हणाले, बघू.

साहेबांना मी तिसरं बटण हवं म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "दिलेले म्हणजे हिशेबात वायाच ना?" हुबेहूब माझाच आवाज. मग म्हणाले, असं केलं तर मॉडेलला मुळापासून पुन्हा शिकवावं लागेल, शेकडो दुकानं खोळंबतील. मी म्हटलं, खोळंबू देत. त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही. नाही म्हणाले तर त्या मॉडेलवर माझं नाव राहणार नाही, एवढं मी ठरवलंय.

तुझ्या टॅबलेटवर मात्र मी ते बटण घातलंय. 'दिले'. तीन दिवस झाले, मी मुद्दाम जास्त भाजते. भट्टीवाले काका कुरकुर करतात, पण ट्रे भरून देतात. शटर अर्धं खाली घेते, खोकं पुसून जागेवर ठेवते आणि थांबते. तीन दिवसांत कोणी आलेलं नाही. तुझ्या दुकानापुरतं मॉडेल मी एका रात्रीत पुन्हा शिकवू शकते. माणसांना परत यायला कसं शिकवायचं, ते मला येत नाही. ते तुलाच येतं. म्हणून तरी चालायचे व्यायाम कर.

आत्ताही मी काउंटरवरच लिहितेय. समोर आजचे उरलेले पाव आहेत, वर फडकं टाकलंय. शिंप्याच्या दुकानातला दिवा अजून जळतोय. अजून कुठलंच बटण दाबलेलं नाही. हे वायात दाबू, की आणखी थोडं थांबू? या वेळी तू सांग. तू सांगशील त्यात दाबीन.

शटर अर्धं उघडं ठेवून बसलेली,
तुझीच
टकळी