दादाने हरकत घ्यावी

मी, खाली सही करणारी, वय चौसष्ट, अविवाहित, धंदा पुस्तकबांधणी, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. असा दाखला सगळ्यांनाच लागतो का, असे मी वकीलबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "सगळ्यांना नाही. पण तुम्ही जोडाच." सकाळपासून पिऊन तर्र असलेला माणूस दाखल्याशिवाय घरे वाटू शकतो, हे यानिमित्ताने कळले.

कारण असे, की वयाच्या सव्विसाव्या वर्षी मी सात महिने मनोरुग्णालयात होते. हे वाक्य आज मी पहिल्यांदाच लिहिते आहे.

कलम १. माझे दोन खोल्यांचे घर स्वकष्टार्जित आहे. माझे थोरले बंधू, यापुढे 'दादा', यांचा त्यात काडीचाही हक्क नाही. हे घर मी दादाच्या मुलीला, माझ्या भाचीला देते. तिला आम्ही खारू म्हणतो. घर उपकार म्हणून देत नाही. का देते ते पुढे येईल.

कलम २. दादाकडे माझ्यासाठी वेगळी ठेवलेली, कान तुटलेली कपबशी वहिनींना. मी दाखल झाले तेव्हा दादाचे लग्न ठरत होते. घरात वेड आहे म्हटल्यावर मुलगी कोण देणार? म्हणून दादाने सांगितले, "तिला क्षय झालाय, मामांकडे हवापालटाला धाडलंय." वहिनींनी ते खरे मानले आणि माझी कपबशी बाजूला काढली. ज्या रोगाने मला कधी साधा खोकलाही आला नाही, त्या रोगाच्या कपातून मी चहा प्यायले. दहा वर्षांनी वहिनींना खरे कळले. कपबशी वेगळीच राहिली.

कलम ३. दाबयंत्र, सुऱ्या, आऱ्या आणि सरसाचे भांडे मनोरुग्णालयातल्या कार्यशाळेला. बांधणी मी तिथे शिकले. तिथल्या मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात माझ्या हातात धारदार सुरी दिली आणि पाठ फिरवून दुसऱ्याला शिकवायला गेले. दादाकडे मी कांदा चिरायला बसले तर वहिनी अजून दाराशी घुटमळतात. माझी बांधणी बघून लोक विचारत, "कुठे शिकलात हो?" दादा परस्पर सांगे, "मामांकडे." मामांनी जन्मात एक पुस्तक उघडले नव्हते, बांधणार कुठून!

कलम ४. बँकेतली ठेव खारूच्या औषधोपचारासाठी. चार वर्षांपूर्वी ती महिनाभर अंथरुणातून उठेना. दादा तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी विचारले, "घरात आधी कोणाला मनाचा आजार झालाय का? नीट आठवून सांगा. औषध त्यावर ठरतं."

दादा म्हणाला, "छे हो! आमच्या घराण्यात असलं काही नाही."

डॉक्टरांनी विश्वास ठेवून उदासीच्या गोळ्या दिल्या. आमच्या आजारात मन एकदा बुडते आणि एकदा उसळते. नुसत्या त्या गोळ्यांनी ते भलतेच उसळते. माझे तसेच झाले होते, माझ्या कागदपत्रांत ते लिहिलेले आहे. तिसऱ्या आठवड्यात खारू हसत हसत गच्चीच्या कठड्यावर चढली. वाचली, पण उजवा पाय गेल्यातच जमा. दादाने शेजारी सांगितले, "कपडे वाळत घालताना तोल गेला." वहिनी मला म्हणाल्या, "वन्सं, झाकली मूठ सव्वा लाखाची." खारू आता बरोबर औषध घेते, नोकरीवर नकाशे काढते आणि लंगडत चालते.

कलम ५. खालच्या शिंप्याला मी काही देत नाही. साक्षीदार म्हणून मी आधी त्यालाच बोलावले होते. वाचून त्याने पेन परत केले. "मावशी, आमच्या पोरीचं जमतंय. असल्या कागदावर माझी सही नको." त्याच पोरीच्या शाळेच्या वह्या मी दरवर्षी बांधून दिल्या होत्या. मला राग आला आणि तो अजून आहे.

कलम ६. घर लेकीऐवजी आपल्या नावावर व्हावे म्हणून दादा हे मृत्युपत्र मोडायला जाईल, हे मी ओळखून आहे. त्याला मार्ग एकच आहे: बहीण वेडी होती, असे कोर्टात सांगणे. त्याची धावपळ नको म्हणून रुग्णालयात दाखल झाल्याची आणि घरी सोडल्याची कागदपत्रे मी सोबत जोडली आहेत. दादा, खुशाल हरकत घे. उभा राहा आणि खारूच्या देखत मोठ्याने म्हण, "माझी बहीण मनोरुग्णालयात होती." वकीलबाई म्हणतात, आजच्या दाखल्यापुढे ते टिकणार नाही, घर खारूलाच जाईल. पण तुझ्या तोंडून ते एकदा निघू दे. डॉक्टरांसमोर निघाले असते, तर पोरगी आज धड चालली असती.

आणि खारू, हे तुला कोणी सांगितलेले नाही. त्या दिवशी तू बाहेर बाकावर बसली होतीस. डॉक्टरांच्या खोलीत दादाच्या शेजारच्या खुर्चीवर मी होते. डॉक्टरांनी मलाही विचारले. मी मान हलवून नाही म्हटले.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२३

सही: मृत्युपत्र करणारी

आमच्यासमोर वाचून सही केली:
१. खारूच्या सध्याच्या डॉक्टर
२. मागच्या गल्लीतला छापखानेवाला